शिंपला एक, प्रजाती किती?

रशियाच्या वायव्येला श्वेत समुद्राचा कांदालाक्षा उपसागर आहे. तिथल्या खडकांना निळसर काळ्या मसलचे घोस चिकटलेले असतात. आपल्याकडे सिंधुदुर्ग-गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्यांचे हे थंड पाण्यातले भाऊबंद. असा एखादा मसल उघडून, मांस काढून, रिकामी झडप उजेडात धरावी आणि दोन झडपांना जोडणाऱ्या लवचीक बंधाच्या खाली पाहावं. काही झडपांमध्ये तिथला मोतिया थर थेट बंधाला भिडलेला असतो, तर काहींमध्ये दोहोंच्या मध्ये एक अखंड काळपट पट्टी उघडी राहिलेली असते. ही पट्टी बहुतेक वेळा ‘मायटिलस ट्रॉस्युलस’ या प्रजातीची खूण असते आणि पट्टी नसलेले मसल बहुतेक ‘मायटिलस एड्युलिस’ असतात, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं. खूण अचूक नाही, काही शिंपले चकवतात. पण किनाऱ्यावर उभं राहून शेकडो मसलची ढोबळ वर्गवारी करायला ती पुरते.

पट्टी शिंपल्यात पहिल्यापासून होती. तिचा अर्थ लागला तो मात्र आधी जनुकांनी ‘इथे दोन प्रजाती आहेत’ असं सांगितल्यावर. थंड समुद्रातल्या छोट्या शिंपल्यांच्या वर्गीकरणात गेल्या चाळीस वर्षांत जे घडलं, त्याचा बराचसा सारांश या पट्टीत आहे. जनुकशास्त्र आलं आणि शिंपल्याच्या खुणा निकालात निघाल्या, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. जनुकांनी अनेक जुने घोळ सोडवले हे खरं, पण जिथे एकाच जनुकाच्या साक्षीवर निकाल दिला गेला तिथे नवे घोळही झाले. भरवशाची उत्तरं मिळाली ती अनेक जनुकं, शिंपल्याची ठेवण आणि प्राण्याचं जगणं एकत्र पाहिल्यावरच.

मुळात हे प्राणी ओळखायला अवघड का? खेकड्याला नांग्या, पाय, मिशा, जबडे असतात. वर्गीकरण करणाऱ्याला धरायला शंभर जागा मिळतात. दोन झडपांच्या शिंपल्यात उरतं ते झडपेचा आकार, बिजागरीचे दात, स्नायू चिकटल्याचे व्रण, रंग आणि वरच्या रेषा. त्यातही आकार परिस्थितीप्रमाणे बदलतो. दाटीवाटीत वाढलेला मसल अरुंद आणि लांबट होतो, लाटांच्या माऱ्यात वाढलेल्याचं कवच जाड होतं. ‘हायटेला आर्क्टिका’ हा उत्तरेकडचा शिंपला खडकांच्या फटींत, समुद्री शेवाळाच्या मुळांत, दुसऱ्यांनी पोखरलेल्या भोकांत राहतो आणि जागा मिळेल तसा वेडावाकडा वाढतो. लिनियसने १७६७ मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढे लोकांनी त्याच्या निरनिराळ्या रूपांना निरनिराळी नावं दिली आणि नंतर हे सगळे एकाच बदलत्या आकाराच्या प्राण्याचे अवतार आहेत असं मानून ती नावं पुन्हा एकत्र केली. तर्क सरळ होता: आकारावर भरवसा नाही, म्हणून प्रजाती एक. पण आकार फसवा आहे एवढ्यावरून प्राणी एकच आहे हे सिद्ध होत नाही.

आकारमानाचीही अडचण आहे. या लेखातले कित्येक शिंपले तांदळाच्या दाण्याएवढे. बिजागरीचे दात पाहायचे तर सूक्ष्मदर्शक हवा. शिवाय संग्रहालयांतला जुना साठा एक तर कोरड्या रिकाम्या झडपांचा, नाही तर फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. फॉर्मॅलिन मांस छान टिकवतं आणि डीएनएची पार वाट लावतं.

पहिली फट पाडली ती डीएनएने नव्हे, प्रथिनांनी. १९८० च्या दशकात प्रयोगशाळांमध्ये शिंपल्याचं मांस वाटून त्याचा रस स्टार्चच्या जेलमध्ये ठेवत, वीज सोडत आणि ठरावीक एन्झाइम कुठवर सरकलं ते रंगवून पाहत. जनुकात बदल असेल तर एन्झाइमचा विद्युतभार बदलतो आणि ते जेलमध्ये वेगळ्या जागी थांबतं. पद्धत स्वस्त होती, आणि तिचा मोठा गुण म्हणजे एकाच वेळी अनेक जनुकांची साक्ष मिळत होती. १९८८ मध्ये मॅकडोनाल्ड आणि कोएन यांनी उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे मसल अशा रीतीने तपासले. तोवर त्या किनाऱ्यावरचा हा मसल सर्रास ‘मायटिलस एड्युलिस’ या अटलांटिकच्या नावाने ओळखला जाई. निघालं असं, की उत्तरेकडे ‘ट्रॉस्युलस’ आहे आणि दक्षिण कॅलिफोर्नियात मुळचा भूमध्य समुद्रातला, माणसाबरोबर तिथे पोचलेला ‘गॅलोप्रोव्हिन्सियालिस’. ‘ट्रॉस्युलस’ हे नाव गूल्ड यांनी १८५० मध्येच दिलं होतं, ते मधल्या काळात बाजूला पडलं होतं. म्हणजे त्या किनाऱ्यावर ‘एड्युलिस’ म्हणून केलेले कितीतरी प्रयोग, मग ते तापमान सोसण्याचे असोत की प्रदूषण मोजण्याचे, प्रत्यक्षात दुसऱ्याच प्राण्यांवर झाले होते. नाव चुकलं की त्या नावाखाली नोंदलेलं सगळं ज्ञान चुकीच्या खात्यावर जमा होतं, हे इथे जितकं स्पष्ट दिसलं तितकं क्वचितच दिसलं असेल.

१९९५ मध्ये जपानच्या इनोउए आणि सहकाऱ्यांनी याची अगदी सोपी चाचणी दिली. मसल ज्या चिकट प्रथिनाने खडकाला धरून राहतात, त्या प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि जेलवर त्याची लांबी पाहायची. एड्युलिसमध्ये तो १८० बेस-जोड्यांचा भरतो, ट्रॉस्युलसमध्ये १६८ आणि गॅलोप्रोव्हिन्सियालिसमध्ये १२६. जेलवर एक रेघ आली तर शुद्ध प्रजाती, दोन रेघा आल्या तर संकर. ही चाचणी जगभर पसरली आणि जिथे तिथे संकर सापडू लागले. स्कॉटलंडमधल्या लॉख एटिव्ह या समुद्रफाट्यात तर तिन्ही प्रजाती आणि त्यांचे संकर एकत्र असल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं. तिथे हा प्रश्न मसल पाळणाऱ्यांच्या पोटाचा होता. दोरांवर वाढवलेल्या मसलमध्ये पातळ, ठिसूळ कवचाचे आणि कमी मांसाचे प्राणी वाढत चालले होते, धुताना-निवडताना फुटत होते. ते ट्रॉस्युलस आणि त्याचे संकर निघाले. नेमकं कोणतं बी दोरावर बसतंय हे कळल्याशिवाय पुढचं पीक धरण्यात अर्थ नव्हता.

याच काळात चिखलात राहणाऱ्या ‘मॅकोमा बाल्थिका’ची कथा उलगडली. गुलाबी-पिवळट, नखाएवढ्या झडपांचा हा शिंपला बाल्टिक समुद्राच्या नावाने लिनियसने १७५८ मध्ये नोंदवला. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि पॅसिफिकमध्येही तो आहे असा समज होता. १९८५ मध्ये एन्झाइमच्या तुलनेतून कळलं, की अटलांटिकच्या अमेरिकी बाजूचा शिंपला युरोपातल्यापेक्षा चांगलाच वेगळा आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागरातले शिंपले पॅसिफिकचे नसून अमेरिकेच्याच पूर्व किनाऱ्यावरून आलेले आहेत, हेही पुढच्या चार वर्षांत समोर आलं. मग फिनलंडच्या रिस्तो वैनोला यांनी २००३ मध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून दाखवलं, की पॅसिफिकच्या वंशशाखा आर्क्टिक ओलांडून एकदा नव्हे, पुनःपुन्हा अटलांटिकमध्ये आल्या. बाल्टिक आणि श्वेत समुद्रातले शिंपले पॅसिफिक वंशाचे, तर उत्तर समुद्रातले जुन्या अटलांटिक वंशाचे. बाल्टिकच्या आत दोन्हींची इतकी सरमिसळ झाली आहे, की तिथला प्रत्येक शिंपला कमी-अधिक प्रमाणात संकरच म्हणावा. ज्या समुद्राचं नाव या प्राण्याला मिळालं, नेमक्या त्याच समुद्रात त्याचा शुद्ध नमुना मिळणं कठीण झालं.

हा सगळा प्रवास बेरिंग सामुद्रधुनीमुळे शक्य झाला. ती केव्हा उघडली, याचा पुरावाही एका थंड पाण्यातल्या शिंपल्यानेच दिला. आर्क्टिक-अटलांटिकचा ‘अस्टार्टी’ अलास्काच्या पॅसिफिक बाजूच्या खडकांत जीवाश्मरूपात सापडला आणि त्यावरून १९९९ मध्ये ही वाट सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी किंवा त्याआधीच उघडली असावी असा निष्कर्ष मांडला गेला.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए हे खरं तर दुधारी हत्यार आहे. बहुतेक प्राण्यांत तो फक्त आईकडून येतो, भराभर बदलतो, एकेका पेशीत त्याच्या असंख्य प्रती असतात, त्यामुळे कणभर मांसातूनही मिळतो. १९९४ मध्ये फोल्मर आणि सहकाऱ्यांनी अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी त्यातल्या सीओआय या जनुकाचा तुकडा वाढवणारे प्राइमर दिले. २००३ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या पॉल हेबर्ट यांनी, जगातल्या सगळ्या प्राण्यांची ओळख याच तुकड्यावरून पटवावी, असा प्रस्ताव मांडला. डीएनए बारकोड हे नाव तेव्हापासून रुळलं. माशांच्या, फुलपाखरांच्या बाबतीत ही पद्धत झकास चालली. शिंपल्यांच्या बाबतीत मात्र ती तीन-तीन ठिकाणी अडखळते आणि त्याची कारणं या प्राण्यांच्या जीवशास्त्रातच आहेत.

पहिलं कारण १९९४ मध्ये मसलमध्येच सापडलं. इथे आईचा मायटोकॉन्ड्रिया सगळ्या पिल्लांना मिळतो, पण बापाचाही मिळतो आणि तो फक्त मुलग्यांत टिकतो. नराच्या बीजकोशात बापाकडून आलेला प्रकार, बाकीच्या शरीरात आईचा. या दोन प्रकारांत वीस टक्क्यांहून अधिक फरक असू शकतो, म्हणजे एरवी दोन वेगळ्या प्रजातींत असतो त्याहूनही जास्त. नमुना घेताना बीजकोशाचा तुकडा कापला की पायाचा, यावर एकाच प्राण्याच्या दोन ‘प्रजाती’ होऊ शकतात.

दुसरं कारण संकराचं. बाल्टिकमधल्या मसलच्या केंद्रकातली जनुकं मोठ्या प्रमाणात ट्रॉस्युलसची आहेत, पण मायटोकॉन्ड्रिया जवळजवळ पूर्णपणे एड्युलिसचा. नुसता बारकोड पाहणारा माणूस तिथे ठामपणे चुकीचं नाव सांगेल.

तिसरं कारण सर्वांत शिकवणारं आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. दक्षिण शेटलंड बेटांवर १८२९ ते १८३१ च्या मोहिमेत गेलेल्या जेम्स ईट्स या अमेरिकी निसर्गअभ्यासकाच्या सन्मानार्थ एका छोट्या हिरवट-तपकिरी शिंपल्याला १८३९ मध्ये नाव मिळालं. तो आज ‘अक्वियोल्डिया ईट्सी’ म्हणून ओळखला जातो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या उथळ चिखलात तो विपुल आहे आणि ड्रेक सामुद्रधुनीपलीकडे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीही तसाच दिसणारा शिंपला आहे. बारकोडने सांगितलं, की सामुद्रधुनीच्या दोन बाजूंना वेगळ्या प्रजाती आहेत. इथवर ठीक. पण अंटार्क्टिकच्या बाजूलाच मायटोकॉन्ड्रियाच्या तीन शाखा निघाल्या, त्यांत सुमारे सहा टक्के फरक. सर्वसाधारण मापाने इथेही अनेक प्रजाती ठरल्या असत्या आणि संगणकाच्या प्रजाती ठरवणाऱ्या पद्धतींनी ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलंही असतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मार्टिनेझ, हेल्ड आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या असंख्य जागा तपासल्या. ड्रेकच्या दोन बाजूंमधला फरक तिथेही ठळक होता. अंटार्क्टिकमधल्या तीन शाखांचा मात्र केंद्रकात मागमूस नव्हता, ते सगळे आपसांत प्रजनन करणारे एकाच प्रजातीचे प्राणी होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काही शिंपल्यांच्या शरीरात दोन शाखांचे मायटोकॉन्ड्रिया एकत्र नांदत होते. नेहमीचा पीसीआर त्यांतल्या एकालाच झुकतं माप देई आणि कोणाला देईल याचा नेम नव्हता. यंत्रातून निघालेला क्रम स्वच्छ, एकही अक्षर संशयास्पद नाही, आणि तरीही तो त्या प्राण्याची अर्धीच हकीकत सांगणारा. हिमयुगांत काही काळ वेगळ्या पडलेल्या समूहांत या शाखा तयार झाल्या असाव्यात. समूह पुन्हा एकत्र आले तेव्हा केंद्रकातली जनुकं मिसळून गेली, मायटोकॉन्ड्रियाला मिसळता येत नाही म्हणून तो जुना दुरावा तसाच वागवत राहिला. माझ्या मते शिंपल्यांवर बारकोडचं काम करणाऱ्या प्रत्येकाने हा शोधनिबंध आधी वाचावा आणि मगच नमुना कापायला घ्यावा.

याच्या उलट, बारकोडने जे सुचवलं ते केंद्रकाने उचलून धरलं अशीही उदाहरणं आहेत. वर ज्या हायटेलाचा उल्लेख केला, त्याचे नमुने लाक्कोनेन, स्त्रेल्कोव्ह आणि वैनोला यांनी वेगवेगळ्या महासागरांतून जमवले. २०१५ मध्ये त्यांनी एक मायटोकॉन्ड्रियातलं आणि एक केंद्रकातलं जनुक ताडून पाहिलं, तेव्हा डझनभराहून अधिक वेगळ्या वंशशाखा निघाल्या. त्यांतल्या काही एकाच किनाऱ्यावर शेजारीशेजारी राहतात आणि तरी मिसळत नाहीत. शेजारी राहूनही न मिसळणं हा वेगळ्या प्रजातीचा फार मजबूत पुरावा आहे. आकार फसवा म्हणून एकत्र केलेला प्राणी असा पुन्हा विखुरला.

अंटार्क्टिकचा ‘लिसार्का नोटोर्काडेन्सिस’ हे दुसरं उदाहरण. काही मिलिमीटरचा हा शिंपला सी-अर्चिनच्या काट्यांवर धाग्यांनी बांधून घेऊन राहतो. त्याची पिल्लं पाण्यात तरंगत दूर जात नाहीत, आईच्या झडपांच्या आतच वाढतात आणि चिमुकले शिंपले होऊनच बाहेर पडतात. असा प्राणी अंटार्क्टिकाभोवती हजारो किलोमीटर एकच प्रजाती म्हणून कसा टिकेल? कातरिन लिन्झे आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये स्कॉशिया समुद्रातले नमुने तपासून, त्यात लपलेल्या प्रजाती असल्याचे संकेत मांडले. जिथे पिल्लं आईजवळच राहतात तिथे बारकोडमधला फरक मी अधिक गांभीर्याने घेईन. जिथे अळ्या आठवडेच्या आठवडे प्रवाहाबरोबर फिरतात तिथे तोच फरक दिसला तर आधी शंका घेईन. प्राण्याची जगण्याची रीत जनुकांइतकीच साक्षीला हवी, ती यासाठी.

न्यूफाउंडलंडच्या बॉन बे या फियॉर्डमधल्या ‘थायसिरा’नेही हेच दाखवलं. वरून एकसारख्या दिसणाऱ्या या इवल्या शिंपल्यांत २०१४ मध्ये तीन गट सापडले. त्यांतल्या दोघांच्या कल्ल्यांत गंधकावर जगणारे सहजीवी जिवाणू होते, तिसऱ्याच्या कल्ल्यांत अजिबात नव्हते. चिखलातल्या रसायनांच्या हिशेबात हे शिंपले एक मानले तर तो हिशेब चुकणारच.

दोन-तीन मिलिमीटरच्या ‘लसेआ’पुढे मात्र प्रजातीची नेहमीची व्याख्याच थिटी पडते. खडकांच्या चिरांत राहणाऱ्या या शिंपल्याचे बहुतेक वंश लैंगिक मिसळणीशिवाय वाढतात, गुणसूत्रांचे संच अनेकपट झालेले असतात. ओ फोइल आणि स्मिथ यांनी १९९५ मध्ये त्यांचा वंशवृक्ष मांडला. प्रत्येक वंश आपली नक्कल पुढे देतो. आपसांत प्रजनन हीच प्रजातीची कसोटी मानणाऱ्याला इथे हात टेकावे लागतात.

खोल समुद्राकडे जरा वेगळा प्रश्न आहे. तिथलं पाणी विषुववृत्ताखालीही दोन-चार अंशांचं असतं. वुड्स होल या अमेरिकी सागरी संशोधन संस्थेच्या जहाजांनी १९६० च्या दशकापासून तळाच्या गाळातून इवले शिंपले गोळा केले, ते फॉर्मॅलिनमध्ये. रॉन एटर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये त्या जुन्या मांसातून डीएनएचे छोटे तुकडे मिळवून दाखवले. ‘डेमिन्युकुला अटाकेलाना’मध्ये आढळलं, की वेगळ्या खोलीवर राहणारे समूह एकमेकांपासून जितके दूर, तितके त्याच खोलीवरचे दूरदूरचे समूह नाहीत. ‘लेडेला अल्टिमा’ हा अतिखोल गाळातला शिंपला तर अटलांटिकभर पसरूनही फारसा बदललेला नाही. मधली भिंत अंतराची नसून खोलीची आहे, ही कल्पना नुसती झडप पाहून सुचली नसती.

एक विलक्षण भानगड जनुकांच्या तपासणीतून समोर आली. २०१५ मध्ये मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी मऊ कवचाच्या ‘माया अरेनेरिया’ शिंपल्यात संसर्गाने पसरणारा कॅन्सर दाखवला, ज्यात रोगपेशीच एका प्राण्यातून दुसऱ्यात जातात. मसलमध्येही तो आहे. ट्रॉस्युलसमध्ये उगम पावलेली अशी एक पेशीशाखा युरोपातल्या एड्युलिसमध्ये आणि दक्षिण अमेरिकेतल्या मसलमध्ये आढळल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. अशा आजारी प्राण्याच्या रक्तातून डीएनए घेतला तर उत्तरात प्रजाती भलतीच येते, कारण तपासलेल्या पेशी त्या प्राण्याच्या नसतातच.

आपल्या देशासाठी हा विषय परका नाही. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचं ‘हिमाद्री’ हे ठाणं २००८ पासून स्वालबार्डमध्ये, काँग्सफियॉर्डच्या काठावर आहे आणि हायटेला त्या फियॉर्डचा रहिवासी आहे. स्वालबार्डला मसल सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर २००४ मध्ये पुन्हा सापडला. पुढे जनुकांच्या तपासणीत आर्क्टिकच्या मसलमध्ये एड्युलिसबरोबर ट्रॉस्युलसच्या आणि गॅलोप्रोव्हिन्सियालिसच्याही खुणा दिसल्या. पाणी तापत चाललंय तसे कोण उत्तरेला सरकलंय, हे नुसतं ‘मसल आले’ म्हणून कळणार नाही. आपल्या दक्षिण किनाऱ्यावर याचं उलट उदाहरण घडलं. १९७६ मध्ये ‘पेर्ना इंडिका’ हा मसल स्वतंत्र भारतीय प्रजाती म्हणून वर्णिला गेला होता. २०१६ मध्ये जनुकं आणि झडपा दोन्ही तपासून तो ओमानच्या बाजूने आलेला ‘पेर्ना पेर्ना’च आहे असं मांडलं गेलं. जनुकं प्रजाती वाढवतातच असं नाही, कमीही करतात.

आता खरी अडलेली गोष्ट नावांची आहे. शाखा सापडतात, त्यांना अंक किंवा अक्षरं दिली जातात आणि काम तिथेच थांबतं. हायटेलातल्या कित्येक शाखांची हीच गत आहे. अंक दिलेल्या शाखेला संरक्षणाच्या यादीत जागा मिळत नाही, तिची नोंद पाहणीच्या तक्त्यात येत नाही आणि दहा वर्षांनी दुसऱ्या प्रयोगशाळेने दिलेला अंक वेगळाच असतो. नाव द्यायचं तर जुनं नाव नेमकं कोणत्या शाखेचं, हे आधी ठरवावं लागतं आणि त्यासाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मूळ नमुन्यांकडे जावं लागतं. ते बहुधा कोरड्या झडपा असतात. २०१७ मध्ये डेर सार्किसियान आणि सहकाऱ्यांनी सुमारे सात हजार वर्षं जुन्या झडपांच्या चुन्यातूनही डीएनए काढता येतो हे सिद्ध केलं, तेव्हा निदान तांत्रिक अडचण दूर झाली. पण त्यासाठी झडपेचा काही भाग भुकटी करावा लागतो आणि दोन मिलिमीटरच्या एकुलत्या एका मूळ नमुन्याची भुकटी करायला कोणतंही संग्रहालय सहजी तयार होणार नाही. म्हणून मूळ ठिकाणी जाऊन ताजे नमुने आणणं, मांस अल्कोहोलमध्ये आणि झडपा कोरड्या अशा दोन्ही एकाच क्रमांकाखाली जपणं, केंद्रकातली अनेक जनुकं वाचणं आणि मग जेलवरची रेघ ज्या बारकाईने पाहतो तेवढ्याच बारकाईने बिजागरीचे दात पाहणं, एवढं सगळं करावं लागेल. हे काम करणारी, दात मोजू शकणारी माणसं जगभर कमी होत आहेत. यंत्रांवर खर्च होतो त्यातला एक हिस्सा अशा माणसांना शिकवण्यावर खर्च व्हायला हवा.